पाय आणि स्मरण

सावदा, फैजपूर, रावेर हा केळीचा पट्टा. तापी ओलांडली की मुक्ताईनगर. तिथल्या कोथळीहून ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघते आणि सुमारे महिनाभराची वाट पायी तुडवून आषाढी एकादशीला पंढरपुरात पोचते. या भागातल्या माळकरी घरांमध्ये धर्म म्हटला की दोन गोष्टी आधी येतात : चालणे आणि नाम घेणे. वारी पायांनी करायची, नाम स्मरणात ठेवायचे. त्यासाठी पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही, पुरोहित लागत नाही. पाय आणि आठवण तर प्रत्येकापाशी असते, या भरवशावर शेकडो वर्षे हा पंथ गरिबांच्या, अडाण्यांच्या, बायाबापड्यांच्या घरात टिकून राहिला. नेमक्या याच दोन गोष्टी आज दवाखान्यात मोजल्या जातात. वय झालेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, आज वार कोणता, मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते. मग खुर्चीवरून उठून थोडे चालून दाखवायला सांगतात आणि घड्याळ लावतात. कागदावर दोन आकडे उतरतात, एक बुद्धीचा आणि एक चालण्याचा. ते दोन्ही घसरले, तर त्या माणसाच्या धर्माची दोन्ही साधने घसरली असे दिसते. मग प्रश्न उभा राहतो तो असा : ज्याला चालता येत नाही आणि नाव आठवत नाही, त्याचे भक्त म्हणून आणि माणूस म्हणून काय उरले? माझे म्हणणे असे आहे की हे आकडे माणसाची गरज सांगतात, आणि म्हणून ते काळजीपूर्वक घेतलेच पाहिजेत. पण त्यांच्यावरून माणसाचे मोल ठरवायला विज्ञानात आधार नाही, आणि आपल्या धर्मपरंपरेतही तो नाही.

आधी या चाचण्या काय आहेत ते पाहू. बुद्धीच्या तपासणीसाठी जगभर सर्वाधिक वापरली गेलेली ‘मिनी मेंटल’ चाचणी मार्शल फोलस्टाइन, सुसान फोलस्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. ती ३० गुणांची. साल, महिना, तारीख, गाव विचारायचे. तीन वस्तूंची नावे ऐकवून थोड्या वेळाने परत मागायची. शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे. एक वाक्य वाचून घ्यायचे, एक लिहून घ्यायचे, एक आकृती काढून घ्यायची. चालण्याची सर्वांत साधी चाचणी १९९१ साली पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी मांडली : खुर्चीवरून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका मानून पुढची तपासणी करतात. तंत्र म्हणून यात काहीच नाही. एक खुर्ची, एक पट्टी आणि एक घड्याळ. तरीही चालण्याच्या वेगातून पुष्कळ कळते. २०११ साली स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांमधल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र केली, तेव्हा चालण्याचा वेग आणि पुढचे आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध दिसला.

खरी विचार करायला लावणारी गोष्ट मात्र या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर पुढे येते. बराच काळ वैद्यकाने चालणे हाडांकडे, सांध्यांकडे, स्नायूंकडे सोपवले होते आणि विचार मेंदूकडे. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांचे एक छोटे निरीक्षण छापून आले. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या, तेव्हा त्यांतले १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ज्याला बोलण्यासाठी पाय थांबवावे लागतात, त्याचे पाय आपोआप चालत नव्हते. त्यांना सतत लक्ष पुरवावे लागत होते, आणि लक्षाचा साठा कमी पडू लागला होता. पुढे न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जो व्हर्गीज यांनी २००२ साली दाखवले की चालीतले काही बिघाड डिमेन्शिया होण्याच्या कितीतरी आधी दिसतात. २०१३ साली त्यांनी एक लक्षणसमूहच मांडला : चाल मंद झाली आहे आणि माणूस स्वतः विसराळूपणाची तक्रार करतो आहे, पण डिमेन्शिया अजून नाही, अशांना पुढे तो होण्याचा धोका जास्त. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाऊल टाकताना मेंदूचा पुढचा भाग बेत आखतो, आतली केंद्रे लय सांभाळतात, लहान मेंदू तोल धरतो, आणि या सगळ्यांना जोडणारे तंतू रक्तदाबाने, मधुमेहाने, वयाने झिजतात. तेच तंतू झिजले की हिशेब चुकतो आणि बोलता बोलता शब्द हरवतो. चालणे आणि विचार एकाच घरात राहतात.

हा निष्कर्ष देकार्तच्या वाटेने विचार करणाऱ्याला अडचणीचा आहे. त्याच्या मांडणीत मन एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला. विचार करतो तोच मी, आणि पाय हे यंत्र. आपल्याकडे सांख्यांनी रेघ वेगळ्या जागी ओढली. बुद्धी, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रिये आणि पाय धरून पाच कर्मेंद्रिये हे सारे त्यांनी प्रकृतीच्या एकाच बाजूला ठेवले. आठवणारी बुद्धी आणि चालणारे पाय हे त्यांच्या हिशेबात सख्खे भाऊ. गीतेच्या तेराव्या अध्यायात हीच मोजणी क्षेत्र या नावाखाली येते, आणि तिथे तर इच्छा, सुख, दुःख, धैर्य एवढेच नव्हे, चेतनासुद्धा क्षेत्रात धरली आहे. ज्ञानेश्वरांनी त्या तत्त्वांची संख्या छत्तीस करून एकेकाचे वर्णन केले. क्षेत्र जाणणारा मात्र त्यांनी या यादीबाहेर ठेवला. प्राचीनांना मेंदूचे शास्त्र माहीत होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणे दोघांवरही अन्याय आहे. म्हणायचे ते इतकेच की पाय आणि बुद्धी यांची चाचणी एकत्र घेणारा आजचा संशोधक जे मोजतो आहे, त्याला तेराव्या अध्यायाच्या भाषेत क्षेत्र म्हणतात. शेताची पाहणी होते आहे. शेत कोणाचे, हा प्रश्न त्या पाहणीने सोडवलेला नाही आणि सोडवायचा प्रयत्नही केलेला नाही. डॉक्टरांचा कागद प्रामाणिकपणे वाचला, तर त्यावर एवढेच लिहिलेले असते की अमुक कामाला अमुक वेळ लागला आणि अमुक प्रश्नांची उत्तरे आली. ‘आता हे माणसातून गेले’ हे वाक्य त्या कागदावर कुठेच नसते. ते आपण घरी येऊन जोडतो.

आणि शेताची पाहणीसुद्धा नेहमी नीट होते असे नाही. मूळ चाचणी शाळा शिकलेल्या माणसाला समोर ठेवून बनली. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरून घेतली म्हणून राहिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्या ऐन बुद्धीच्या काळात त्यांना ‘एक वाक्य लिहा’ म्हटले असते, तर तिथे शून्य पडले असते. आज या जिल्ह्यातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सावदा-यावल भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना तारीख सांगता येणार नाही, पण तिथी अचूक सांगता येईल. पेन्सिलीने पंचकोन काढता येणार नाही, पण घरातल्या तीन पिढ्यांची नाती न अडखळता सांगता येतील. संशोधकांना हे कळले नव्हते असे नाही. १९९५ साली मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधल्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार केली आणि लिहिण्या-वाचण्याच्या जागी बोलण्याची व अनुकरणाची कामे घातली. लेवा गणबोलीत किंवा तडवी भिल्लांच्या बोलीत विचार करणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीत प्रश्न टाकून जो आकडा येतो, त्यात रोग किती आणि परकेपणा किती, हे वेगळे करणे तपासणाऱ्याचे कर्तव्य आहे. खुर्चीची गोष्टही तीच. ज्याचा जन्म ओट्यावर, बाजेवर आणि जमिनीवर बसण्यात गेला, त्याचे उठणे-बसणे गुळगुळीत फरशीवर अनोळखी माणसासमोर बिचकत होते. मोजमाप चुकीचे असेल, तर त्यावर उभारलेले तत्त्वज्ञानही चुकीचे ठरेल. धर्माचा विचार करणाऱ्याने चाचणीच्या या तांत्रिक बाजूत लक्ष घालायचे कारण हेच.

यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो जुना आहे. चार्वाक म्हणतील : तुम्ही क्षेत्रज्ञाला यादीबाहेर ठेवता, पण तो दिसतो कुठे? आंबवण्यातून जशी मादकता येते तशी पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या मिश्रणातून जाणीव येते. मिश्रण बिघडले की ती जाते. मेंदूची झीज होताना जे घडते ते तर त्यांच्याच बाजूची साक्ष आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक दुसऱ्या वाटेने तिथेच येतो : भूतकाळातली कृती मला माझी म्हणून आठवते, म्हणून तो मी, आठवण तुटली की ती व्यक्तीही तुटली. या आक्षेपाला मी ‘आत्मा आहेच’ असे म्हणून उत्तर देणार नाही, कारण ज्याला ते मान्य नाही त्याच्यासाठी ते उत्तरच नव्हे. पण स्मरणावर माणूसपण उभे करणाऱ्यांना रोजच्या अनुभवातली एक गोष्ट विचारता येते. गाढ झोपेत कोणालाही साल, गाव, स्वतःचे नाव यांतले काही उपलब्ध नसते. वेदान्त्यांनी सुषुप्तीचा इतका विचार केला तो यासाठीच. झोपलेल्याची कोणी चाचणी घेतली तर त्याला शून्य मिळेल, तरी त्याची जमीन त्याचीच राहते, त्याला दिलेले वचन बंधनकारक राहते, त्याला इजा करणे गुन्हाच राहतो. झोपलेला जागा होतो, डिमेन्शियाचा रुग्ण परत येत नाही, असे म्हणता येईल. फरक खरा आहे. पण मग आपण स्मरणाचा निकष सोडून परतण्याच्या आशेचा निकष धरला, आणि त्या निकषाने शेवटच्या आजारातला कोणीही माणूस उरणार नाही. शिवाय आठवण हे तुमच्या असण्याचे प्रमाणपत्र मानले, तर पहिल्या दोन वर्षांचे आपले आयुष्य आपण जगलोच नाही असे धरावे लागेल. त्या वर्षांत आपल्याला कोणीतरी नाव दिले, त्या नावाने हाक मारली, आणि आपण ओ देण्याच्या आधीपासून आपण कोणीतरी होतो. टॉम किटवुड या ब्रिटिश अभ्यासकाने १९९७ साली डिमेन्शियावरच्या आपल्या पुस्तकात हाच धागा धरला : व्यक्तिपण ही एकट्या मेंदूच्या आतली गोष्ट नाही, ते नात्यात दिले आणि जपले जाते. चार्वाकालासुद्धा हे नाकारायचे कारण नाही, कारण यासाठी देहापलीकडचे काहीही मानावे लागत नाही.

किटवुडचा विचार खानदेशात परका वाटू नये. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेल्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले, मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून कोरा कागदच पाठवला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताईने त्यावर चांगदेवाच्या कोरेपणाबद्दल कठोर शब्द काढले, हेही आपण आवडीने सांगतो. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या कोऱ्या कागदाला उत्तर गेले, आणि ते पासष्ट ओव्यांचे होते. समोरून एकही अक्षर आले नसताना बोलणाऱ्याने बोलणे थांबवले नाही. तू आणि मी यांतले अंतर वरवरचे आहे, या धारणेवर ते उत्तर उभे आहे. चांगदेव आजारी नव्हता, अहंकाराने अडला होता, हा भेद मी विसरत नाही. पण ज्याच्याकडून काही येत नाही त्याला काय द्यायचे, या प्रश्नावर आपल्या परंपरेने एक नमुना घालून दिला आहे, आणि तो सावद्यापासून फार दूर घडलेला नाही.

धर्माच्या आतून येणारा आक्षेप मला चार्वाकापेक्षा कठीण वाटतो. गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की अंतकाळी ज्याचे स्मरण होईल त्याच गतीला माणूस जातो. श्रद्धावान घरातल्या माणसांना हे वाचून भीती वाटते, आणि ती खोटी नाही : आईने पन्नास वर्षे हरिपाठ म्हटला, आणि शेवटची चार वर्षे तिला देवाचे नाव तर सोडाच, मुलाचे नाव आठवले नाही, तर तिची सारी साधना वाया गेली काय? ही भीती बाळगणाऱ्याने तो अध्याय एका श्लोकाने पुढे वाचावा. अंतकाळची गोष्ट सांगून झाल्यावर लगेच सर्व काळी स्मरण करण्याचा आदेश येतो, कारण शेवटची वृत्ती ही आयुष्यभर मुरलेल्या भावाची असते. अर्थ असा की शेवटच्या क्षणाची तोंडी परीक्षा तिथे अभिप्रेत नाही. आयुष्यभराचे वळण अभिप्रेत आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा याहून पुढे जाते. त्याने मरताना देवाला हाक मारलीच नव्हती. नारायण नावाच्या आपल्या धाकट्या मुलाला मारली होती. तरी नाम लागू पडले. म्हणजे नामाच्या सामर्थ्यासाठी नाम घेणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर असणे ही अट भागवताने घातली नाही. आणि श्रीवैष्णव परंपरेत वराहाच्या तोंडी घातलेले जे चरम वचन आहे, ते तर या प्रश्नाला थेट भिडते. त्याचा आशय असा : मन आणि शरीर धड असताना ज्याने माझे स्मरण केले, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, तर मी त्याचे स्मरण करतो आणि त्याला नेतो. स्मरणाची जबाबदारी इथे भक्ताकडून देवाकडे जाते. सावद्यात स्वामिनारायणाचे मंदिर आहे; त्या संप्रदायाच्या शिक्षापत्रीत रामानुजांचे विशिष्टाद्वैत आपले मत म्हणून स्वीकारले आहे. रामानुजांच्या परंपरेने जपलेले हे वचन त्यामुळे या गावाला दूरचे नाही. विठ्ठलाच्या माळकऱ्यालाही ते आपले म्हणायला काही अडचण नसावी.

आता उलट बाजूचा आक्षेप. मोल अबाधित आहे, देव आठवण ठेवतो, तर मग या चाचण्या कशाला? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून द्यावे, म्हातारपण ते म्हातारपणच. या समजुतीला मी श्रद्धा म्हणत नाही. हा आळस आहे, आणि त्याने माणसे उगाच खचतात. दोन उदाहरणे देतो. व्हिटॅमिन बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. माळ घातलेल्या, मांस-अंडी वर्ज्य असलेल्या घरात ते जवळजवळ पूर्ण दुधादुभत्यावर अवलंबून असते, आणि म्हातारपणी दूध कमी होते, पोटाची शोषण्याची ताकदही घटते. बी-१२ फार कमी झाले की पायांची जाणीव जाते, अंधारात तोल जातो, चाल रुंद आणि अडखळती होते. त्याबरोबर विसरणे, गोंधळणे सुरू होते. पाय आणि स्मरण दोन्ही एकदम. रक्ताच्या एका तपासणीने हे कळते आणि इंजेक्शनांनी, वेळेवर दिली तर, पुष्कळसे भरून येते. उशीर झाला तर मज्जारज्जूचे नुकसान कायमचे राहते. दुसरे उदाहरण १९६५ साली कोलंबियाच्या सालोमोन हाकीम आणि अमेरिकेच्या रेमंड अ‍ॅडम्स यांनी वर्णन केलेल्या आजाराचे. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठते, पण दाब फारसा वाढलेला दिसत नाही. माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखा घसटत चालतो, विसरतो, आणि लघवीवरचा ताबा जातो. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. अशा रुग्णाची चाल आणि बुद्धी आधी मोजतात, कमरेतून थोडे पाणी काढतात आणि पुन्हा मोजतात. चाल सुधारली, तर शस्त्रक्रियेने नळी बसवून साठलेले पाणी वळवता येते, आणि काही रुग्ण पुन्हा आपल्या पायांनी चालू लागतात. इथे तो सेकंदांचा आकडा निर्णायक असतो. तो घेतला नसता, तर हा माणूस आयुष्यभर बाजेवर राहिला असता. अशा वेळी मोजणे हीच सेवा, आणि न मोजणे हा अधर्म, असे मी स्पष्ट म्हणेन. आणि जिथे औषध नाही तिथेही मोजण्याचा उपयोग आहे. पार्किन्सनच्या रुग्णांची चाल ठरावीक तालाच्या साथीने सुधारते, हे १९९६ साली मायकल थॉट आणि सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांच्या सरावातून दाखवले. ओळखीचे सूर आणि पाठांतर अनेक रुग्णांत बाकीच्या आठवणींच्या मागून जाते. टाळाच्या ठेक्यावर पावली टाकणाऱ्यांच्या मुलखात हे कळल्यावर स्वस्थ बसणे बरे नाही.

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सातांहून थोडे अधिक. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. हे लोक आकड्याच्या कोणत्या बाजूला पडतात, यावर त्यांना काय मिळते ते ठरू लागले आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ज्येष्ठांना सरकारी खर्चाने यात्रा घडवतात, पण प्रवासाला शरीराने आणि मनाने सक्षम असल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. शेकडो वृद्धांना घेऊन जाणाऱ्या यंत्रणेने ही खबरदारी घेणे समजण्यासारखे आहे. तिला मी दोष देत नाही. पण त्यातून असे होते की ज्याला देवापर्यंत नेण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच चाचणी मागे ठेवते. गरज सांगण्यासाठी घेतलेला आकडा इथे पात्रता सांगू लागतो. वारीच्या मुळाशी असलेली कथा याच्या नेमकी उलट आहे. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, आणि पुंडलिकाने त्याला विटेवर थांबवून ठेवले. जी माणसे चालून देवाकडे जाऊ शकत नव्हती, त्यांच्यापाशी देव आला आणि तिथेच खिळला. पंढरपूरला जाणारे लाखो पाय ज्या जागी जातात, ती जागा एका न चालणाऱ्या जोडप्याच्या अंथरुणाजवळची आहे. शिवाय पालखीत असतात त्या पादुका. चालणारे त्यांना खांद्यावर नेतात. जो चालू शकत नाही त्याला वाहून नेण्याची व्यवस्था या पंथाच्या रचनेतच आहे.

पुंडलिकाच्या कथेत एक उणीव मात्र आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. आज सावद्याच्या कुठल्याही गल्लीत अशा रुग्णाला उठवणारी, धुणारी, भरवणारी, रात्री चार वेळा दार उघडले का ते पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा सून असते किंवा बायको, आणि तीही कधी साठीची. कथा मुलाची सांगतात, काम तिच्यावर पडते, आणि पुण्याचा हिशेब मुलाच्या नावावर जातो. मोल अबाधित आहे असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ते रोज हातांनी सांभाळणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ते विधान अर्धेच राहते. संशोधनाने या बाजूलाही एक साधन दिले आहे. १९८० साली स्टीव्हन झरिट यांनी काळजी घेणाऱ्यावर पडणारा भार मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येत ढासळली का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, असे प्रश्न तिच्यात आहेत. रुग्णाचे तीन शब्द आणि तीन मीटर तपासून झाल्यावर ते प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या बाईला तिच्या बोलीत, नवरा आणि सासरा यांच्यापासून बाजूला घेऊन विचारले, तर ती तपासणी पुरी झाली असे म्हणता येईल. आणि ज्या कीर्तनात पुंडलिकाचे आख्यान लागते, त्या कीर्तनानंतर गावातल्या माणसांनी अशा घरांची यादी करून आठवड्यातली एक रात्र तिला झोपता यावे एवढी पाळी आपापसांत वाटून घेता येण्यासारखी आहे.